न वाजलेला चौथा भाग

काल लातुरात एका सत्काराला गेले होते. माझ्या खांद्यावर शाल पडली आणि तिच्या कोऱ्या वासानं माझं डोकंच फिरलं.

अशीच शाल नांदेडच्या एका हॉलमध्ये माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, खांद्यावर पडली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या आठवणीत लोकांना ऐकवायला अण्णांनी एका जुन्या रशियन सिंफनीची रेकॉर्ड आणली होती. तिचे चार भाग. तिसरा ढोल-तुताऱ्यांनी दणाणून संपतो, मग चौथा हळूहळू विझत जातो. आईसाठी होता तो चौथा.

तिसरा संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. संयोजकांनी सुई उचलली आणि शाल-श्रीफळ पुढं केलं.

“साहेब, अजून एक भाग हाय,” अण्णा म्हणाले.

“आता काय ऱ्हायलं, सर? टाळ्या बी पडल्या की. पाहुण्यांना लई उशीर होऊन राहिला.”

अण्णा शाल घेऊन बसले, थांबलेल्या रेकॉर्डकडं बघत. मग आभार सुरू झाले. माईकवाल्याचे मानले, खुर्च्यावाल्याचे मानले, चहावाल्याचेही मानले.

माझा राग अजून जात नाही. आईच्या त्या भागाला दहा मिनिटं नव्हती त्यांच्याकडं, आभाराला मात्र अर्धा तास होता.