पाटीवरचं सातवं नाव

क्लेमेंट विंटरगिल गेल्या ऑक्टोबरात वारला. आपल्या कुळाची अशी सेवा या खोऱ्यात दुसऱ्या कुणी केली नाही, असं पाद्रीबाई म्हणाल्या. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. अंत्यविधीच्या छापील कागदाच्या मागच्या पानावर त्याची वंशावळ होती, माझ्या अक्षरातली.

तो गॅसचे मीटर वाचायचा. एकतीस वर्षांत आमच्या ॲस्करबेक गावातल्या प्रत्येक जिन्याखाली तो वाकून जाऊन आला होता. कुणी चहा विचारला की हा त्यांच्या पणजोबांचं नाव विचारायचा. आमच्याकडे आला तेव्हा डॉक्टर, माझे यजमान, हयात होते. टेबलावर माझी डायरी उघडी पडली होती.

"हे अक्षर तुमचं, मिसेस दिघे?"

"हो. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं आहे."

"त्या सिस्टरांचं भलं होवो," तो म्हणाला, आणि आठ दिवसांनी बगलेत कागदाची गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला. डायरीत तारीख आहे, ३ मार्च १९९४. तेव्हापासून विंटरगिलांच्या वंशवृक्षावरचं प्रत्येक नाव मी लिहिलं. डॉक्टर गेल्यावर या गावात मला जी खुर्ची मिळाली, ती त्या दौतीमुळे मिळाली. नाहीतर इथं चाळीस वर्षं राहूनही माणूस नवीनच असतो.

वंशवृक्षाचे नियम क्लेमेंटचे; कुळाच्या समितीचा अध्यक्षही तोच. लग्नातून झालेल्या मुलाला सरळ रेघ, लग्नावाचून झालेल्याला ठिपके. ठिपक्यांच्या खालची माणसं कुळाच्या वार्षिक मेळाव्याला यायची, पण त्यांना मत नसायचं आणि चर्चच्या पायऱ्यांवरच्या फोटोत ती कडेला उभी राहायची. दुसरा नियम तो नव्या मंडळींना हसतहसत सांगायचा. "बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून नाचू नका. आधी ते पोर मारून बघा. मरत नसेल तरच तुमचं." म्हणजे आधी दफनाच्या वह्या चाळा. त्या काळी कितीतरी बाळं वर्ष पाहत नसत. तान्हेपणी गेलेल्या बाळाला आपला पूर्वज समजून त्याच्याखाली दोनशे माणसं टांगलेली त्यानं पाहिली होती, आणि अशांची तो जाहीर टर उडवायचा.

नोरीन विंटरगिल माझी शेजारीण. आमच्या परसात एकच भिंत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म काढला होता, आणि ऑगस्टमधल्या मेळाव्याची हॅमची सँडविचं, चीजबरोबर खायचा फळांचा केक, सगळं तीच करायची. पण ती ठिपक्यांतली. तिची पणजी हॅना विंटरगिल लग्नावाचून आई झाली होती. चर्चच्या वहीत त्या बाळापुढे तसा शब्दच लिहिलेला आहे.

२०११च्या मेळाव्यात ठरलं की चर्चच्या भिंतीत काळ्या दगडाची पाटी बसवायची, १६०४पासूनची नावं कोरून. नोरीननं सुरी खाली ठेवली आणि हात पुसत पुढे आली.

"क्लेम, माझ्या बाबांचं नाव घाल. एक ओळ. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही."

"नोरीन, हा नियम काही तुझ्यासाठी केलेला नाही."

"माहितीये. माझ्याविरुद्ध केलेला आहे. अरे, सत्तावीस विंटरगिल पुरलेत त्यांनी या चर्चच्या आवारात. जमीन गोठली की पहारीनं फोडायचे. तुझ्या आईचा खड्डा कुणी खणला?"

"ॲलेकनं. आणि मी त्याचा मान राखला होता."

"व्हिस्कीची बाटली दिलीस. तीही अर्धी."

लोक हसले. क्लेमेंट हसला नाही. "नाव बापाकडून येतं, नोरीन."

"हॅना काय चंद्रावरून पडली होती? विंटरगिलाचीच पोर ना ती? ठिपके चालत नाहीत म्हणतोस आणि ठिपक्यांच्या हातचं दरवर्षी सहा-सहा खातोस!"

क्लेमेंटनं हातातलं सँडविच बशीत ठेवलं. अर्ध्या तासानं परत उचललं.

त्याच दिवशी कॅनडाहून आलेल्या एका विंटरगिलनं डीएनए तपासणीची कल्पना काढली. पुरुषाच्या रक्तात बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा उतरणारा एक भाग असतो, पाटीआधी तो जुळवून घेऊ या म्हणाला. चार शाखांच्या चौघांनी गालातून कापसाची काडी फिरवून पाठवली. निकाल क्लेमेंटकडे यायचे होते. तिघांचे एकमेकांशी जुळले. चौथा कुणाशीच जुळला नाही. चौथा क्लेमेंट होता.

हे त्यानं फक्त मला सांगितलं, कारण निकालाचा तक्ता मला लिहायचा होता. "नळ्यांची अदलाबदल झाली असणार," तो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी काडी पाठवली. उत्तर तेच आलं. मग त्यानं विचारलं, "मिसेस दिघे, बुधवारी मोकळ्या आहात?"

काउंटीच्या दप्तरखान्यात आम्ही दोघं शेजारशेजारच्या पडद्यांसमोर बसलो. त्याची शाखा निघते जोनसपासून, पाटीवरचं सातवं नाव. थॉमस विंटरगिलचा मुलगा, बाप्तिस्मा डिसेंबर १७८५. ॲस्करबेकच्या दफनाच्या वहीत हा जोनस नव्हता, म्हणून तो जगला असं क्लेमेंटनं कधीच ठरवून टाकलं होतं. पण त्या हिवाळ्यात बर्फानं इकडची वाट बंद होती, आणि वरच्या वाड्यांवरचे लोक आपली मेलेली माणसं माळापलीकडच्या प्रार्थनाघराकडे नेत. अशी गोष्ट क्लेमेंटच इतरांना शिकवायचा. ती वही त्यानं सदतीस वर्षांत उघडली नव्हती. मी उघडली. 'जोनस, थॉमस विंटरगिलचा, वय तीन आठवडे.'

मी बोट ठेवलं. तो वाकला. मीटर वाचायला वाकायचा तसाच.

मग गावच्या गरीबखात्याच्या कागदांत दुसरा सापडला. १७९४, शहरातल्या अनाथगृहातून थॉमस विंटरगिलकडे शेतकामाला बांधून दिलेला मुलगा. वय आठ. नाव जोनस. आडनावाची जागा रिकामी. लग्न करताना त्यानं धन्याचं आडनाव सांगितलं असणार, दुसरं सांगणार तरी काय?

"असणार," क्लेमेंट म्हणाला. "असणार म्हणजे पुरावा नव्हे."

"आणि काडी?"

त्यानं चष्मा डबीत घातला, डबी खिशात घातली. "चार वाजताची बस मिळेल आपल्याला."

बसमध्ये तो खिडकीकडे बसला. गाव दिसू लागलं तेव्हा म्हणाला, "माझे वडील चर्चच्या आवारात आहेत, मिसेस दिघे. माझी जागाही तिथंच राखलेली आहे." गप्प राहा असं त्यानं म्हटलं नाही. त्याला तशी गरज वाटली नाही, हे मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. नोरीननं भिंतीवरून डोकं काढलं.

"काय गं इंदू, काल मीटरवाल्याबरोबर बसनं कुठं पळून गेली होतीस? गावभर झालंय."

"दप्तरखान्यात."

ती हसायची थांबली. "काही सापडलं? हॅनाचं? आमचं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. अध्यक्षाच्या अंगात विंटरगिलाचा थेंबही नाही आणि तुझ्यात आहे, एवढंच वाक्य. मी चिमटा लावला आणि म्हणाले, "नाही गं. विशेष काही नाही."

डायरीत त्या दिवसाखाली दोन्ही आहे, जोनसची नोंद आणि हे उत्तर.

क्लेमेंटनं समितीला सांगितलं की डीएनएचं शास्त्र अजून कच्चं आहे, पाटी कागदपत्रांवर कोरू. २०१२च्या ऑगस्टमध्ये पाटी बसली. सातवा जोनस, शेवटचा क्लेमेंट. अक्षरांचा नमुना माझा होता. नोरीननं त्या दिवशीही सँडविचं केली. फोटोच्या वेळी मात्र ती मेळाव्याच्या हॉलमध्ये भांडी घासत राहिली, आणि कुणी बोलवायला गेलं नाही. मीही नाही.

२०१४च्या फेब्रुवारीत ती गेली. तिचा खड्डा यंत्रानं खणला, वीस मिनिटांत. क्लेमेंट आला होता. "तिच्या हातची चव नाही आता," असं म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

तो गेल्यावर समितीनं मला त्याच्या स्मरणार्थ मोठा वंशवृक्ष लिहायला सांगितला. नोव्हेंबरभर लिहिला. थॉमसपासून जोनसपर्यंत ठिपके दिले आणि बाजूला बारीक अक्षरात दफनाच्या वहीचं पान आणि गरीबखात्याच्या कागदाचा क्रमांक. हॅनापासून ॲलेकपर्यंत सरळ रेघ ओढली, ॲलेकखाली नोरीन. दुपारी उजेडात ओढली, हात स्थिर होता.

जानेवारीत तो कागद हॉलमध्ये काचेत लागला. मी बघायला गेले. सेक्रेटरी, क्लेमेंटचा भाचा, धावत पुढे आला आणि माझा कोपर धरून मला खुर्चीकडे नेऊ लागला.

"वाईट वाटून घेऊ नका हं, मिसेस दिघे. या वयात हात चुकतोच. आम्ही नीट करून घेतलं."

जोनसच्या वरचे ठिपके कुणीतरी जाड पेनानं जोडले होते. माझ्या बारीक अक्षरांवर पांढरा रंग होता, आणि हॅनाच्या खालच्या रेघेवरही. त्यावर पट्टी धरून, अगदी सारख्या अंतरानं, नवे ठिपके दिले होते.

मी चहा घेतला. सँडविचं विकतची होती.