लाइन सांगणारे तुळशीराम गुरुजी

राहनाळमध्ये दहावीचा निकाल लागला की लोक दोन ठिकाणी पेढे घेऊन जातात. आधी गावदेवीला, मग तुळशीराम गुरुजींकडे. गुरुजी काही शाळेतले नव्हेत. गोडाऊनांच्या रांगेमागे पत्र्याच्या एका खोलीत त्यांचा क्लास चालतो, त्याला तेवीस वर्षं झाली. पेढ्यांबरोबर आईबाप एक कोरा कागद आणतात आणि गुरुजी त्यावर पेन्सिलीने एकच शब्द लिहून देतात: सायन्स, कॉमर्स, नाहीतर आयटीआय. प्रवेशाचे अर्ज आता मोबाइलवर भरतात, पण हा कागद हातात आल्याशिवाय कुणी मोबाइल उघडत नाही. याला गावात 'लाइन घेणं' म्हणतात.

गुरुजींचा नियम सरळ होता. पंचाहत्तरच्या वर सायन्स, साठच्या वर कॉमर्स, त्याखाली आयटीआय. पोराच्या तोंडाकडे बघायचीही गरज पडत नसे. तरी लोक म्हणत, गुरुजी माणूस बरोबर ओळखतात. इतकी वर्षं ऐकून ऐकून गुरुजींनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग शाळेत प्रितम सर आले. अजून तिशीही न गाठलेला, पायात खेळाचे बूट घालून वर्गात शिकवणारा हा माणूस गुरुजींना पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याने नववीच्या मुलांना भलताच गृहपाठ दिला. घरचं काम तीन दिवस नुसतं बघा आणि ते कुठे अडतं ते लिहून आणा. कुणी आईचं शिवणकाम बघितलं, कुणी बापाची रिक्षा. केसरीनाथची रुचिका बापाने भाड्याने दिलेल्या गोडाऊनात जाऊन बसली.

केसरीनाथची भातशेती गेली आणि तिथे तीन गोडाऊनं उभी राहिली. पोरीने त्यातल्या एकाचा नकाशा काढला. सगळ्यात जास्त जाणारा माल सगळ्यात मागे रचलेला, दरवाज्याजवळ मात्र महिनोन्‌महिने न हलणारे खोके, हे तिने पावलं मोजून दाखवलं. मॅनेजरने तो कागद बघितला आणि आठवडाभरात माल इकडचा तिकडे केला.

गुरुजींना हे कळलं चहाच्या टपरीवर. हमालांचा मुकादम मिथुन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता. "केसरीशेटच्या पोरीनं आमचं पाय वाचवलं. प्रितम सर म्हणजे मानूस हाय बाबा. पोरात काय हाय ते बरोबर बाहेर काढतो."

गुरुजींनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. पोरात काय आहे ते बघणारा माणूस या गावात एकच होता, आणि तो तिथेच बाकावर बसलेला असताना मिथुनने हे बोलावं? रुचिका त्यांच्याकडे पाचवीपासून आठवीपर्यंत होती. चार वर्षं. वहीच्या समासात चौकटी आणि बाण काढायची, म्हणून त्यांनी तिला अंगठे धरून उभं केलं होतं. क्लासच्या तिच्या प्रगतीपुस्तकावर दरवर्षी त्यांनीच लिहिलं होतं, 'जेमतेम'.

गुरुजी जळले, आणि चांगलेच जळले. त्या दिवसापासून जो भेटेल त्याला ते सांगू लागले, "पोरांना गोडाऊनात बसवतो. उद्या हमाली शिकवील." शाळेच्या फाटकाशी मुलं प्रितम सरांच्या मोटरसायकलला गराडा घालून उभी दिसली की गुरुजी रस्ता बदलत. सरांची बदली झाल्याचं त्यांना एकदा स्वप्न पडलं. जाग आल्यावर, ते स्वप्नच होतं म्हणून, त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला. रुचिकाला अडुसष्ट टक्के. संध्याकाळी केसरीनाथ पेढे आणि कोरा कागद घेऊन आला, मागे रुचिका. गुरुजींना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गावात कुणाचं काही चालो, शेवटचा शब्द अजून आपलाच होता.

"तिचा सर कायतरी डिप्लोमाचा बोलला," केसरीनाथ म्हणाला. "जागेची मांडनी का काय. मी म्हनलं, तसलं आपल्याला कलत न्हाय. तुमी लिवाल ती लाइन."

गुरुजींनी पेन्सिल उचलली. अडुसष्ट म्हणजे कॉमर्स. नियमही पाळला जाणार होता आणि त्या बूटवाल्याची जिरणारही होती. 'कॉ' लिहून झाला.

"गुरुजी," रुचिका हळूच म्हणाली, "तुम्ही लिहाल ते मी करीन. फक्त का ते सांगाल? सर म्हणाले, मी तुला दोनच वर्षं बघितलंय. गुरुजींनी चार वर्षं बघितलंय. तुझ्यात काय आहे ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार, त्यांना नीट विचारून ये."

गुरुजींचा हात थांबला. तो माणूस टोचून बोलला असता तर त्यांना निभावता आलं असतं. त्याने मान दिला होता, आणि तो झेपेना. ते पोरीकडे बघत राहिले. तिचं अक्षर त्यांना ठाऊक होतं, तिचे गुण पाठ होते, ती कुठल्या बाकावर बसायची तेही आठवत होतं. पण तिच्यात काय आहे? त्यांनी खूप आठवून पाहिलं. 'जेमतेम' यापलीकडे त्यांना एक शब्द सापडेना, आणि तो शब्द खोटा होता हे गोडाऊनातल्या हमालालाही कळलं होतं.

आपला मत्सर या पोरीचं आयुष्य वळवायला निघाला होता, हे त्यांना कळलं. कळलं म्हणून जळणं थांबलं असं मात्र नाही. अर्धवट अक्षर त्यांनी खोडून टाकलं.

"तुझ्या सरांचं ऐक," ते कसंबसं म्हणाले. "डिप्लोमाच कर. मला तुझ्यातलं काही सांगता येणार नाही."

रुचिकाचा चेहरा खुलला. ती वाकून पाया पडली. केसरीनाथ मात्र कागदाकडे बघत तसाच बसून राहिला. त्याला ना राग आला होता, ना त्याला टोमणा मारायचा होता. गुरुजींचं तो सगळंच मानत आला होता, म्हणून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "मंग गुरुजी, चार वर्सं मी तिला तुमच्याकडं कशाला धाडली?"