रंगीत उत्तरं

वेबसाइट उघडत नाही असं कुणी म्हटलं, की काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "तू कुणाला विचारलंस?"

सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यांत जुने. मी पुण्याहून नवीन आले तेव्हा मला हा प्रश्न तिरकस वाटायचा. मग कळलं, की साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हर पुष्कळ असतात. पत्ता नुकताच बदलला असेल, तर एक नवा सांगतो, दुसरा जुन्यालाच चिकटून बसतो. "अगं, माणसांसारखंच," ते म्हणायचे. "दोघातिघांना विचारावं, मग बोलावं."

त्यासाठी त्यांची एक जुनी कमांड होती, काळ्या स्क्रीनवर भसाभस पांढरी अक्षरं ओतणारी. तुमच्याही ऑफिसात असा माणूस असेल. नवं काही दाखवलं की हात झटकणारा. त्यामुळे एके दिवशी त्यांनी आपणहून नवं टूल बसवलेलं पाहून आम्ही चाटच पडलो. त्यात उत्तरं रंगीत येतात. नाव हिरवं, पत्ता पिवळा, फापटपसारा नाही.

"काका, या वयात रंग?" मी चिडवलं.

"बरं दिसतं गं," ते म्हणाले.

खरं म्हणजे तेवढंच होतं, अगदी शब्दशः. पुढे स्क्रीनवरची अक्षरं मोठी होत गेली, खुर्ची टेबलाला भिडली. आम्हाला ती त्यांची लकब वाटली.

मग एका दवाखान्याची साइट नव्या सर्व्हरवर न्यायचं काम आलं. पत्ता भरताना त्यांनी तिनाच्या जागी आठ भरला. भर दुपारी पेशंटांना अपॉइंटमेंट मिळेनात. मी सगळीकडे विचारून पाहिलं; सगळ्या सर्व्हरांचं एकमत, आणि तेच चुकीचं. त्यांना दाखवलं. ते स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.

"मला हा तीनच दिसतोय," ते हळूच म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचा चिनी सहकारी कुजबुजला, "अंकल, से व्हेंडर मिस्टेक, लाह. नोबडी चेक." म्हणजे चूक सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीवर ढकला, कोण तपासायला जातंय.

इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घर आवरून परत जायचं, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक. तरी ते उठले.

"लपवून लपवून दमलो गं. घरीसुद्धा बोललो नाहीये," म्हणाले, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजर भला होता. त्याने आभार मानले, डॉक्टर सुचवला. काँट्रॅक्ट मात्र वाढवलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांना न्यायला काकू आल्या होत्या. मी रस्त्यापर्यंत गेले. समोरचा सिग्नल बदलला, माणसं निघाली. ते तसेच उभे. काकूंनी आजूबाजूला न बघता त्यांचा हात धरला.

"चला."

पलीकडे पोचल्यावरही त्यांनी तो सोडवून घेतला नाही.