पट्ट्याचं माप

झटकेवाले चाचा कुणाच्याही गाडीत बसले की आधी नमस्कार-चमत्कार नाही, हालहवाल नाही; खांद्याशी लोंबणारा पट्टा मुठीत धरायचे आणि असा हिसका द्यायचे की गाडीचा मालक दचकायचा. पट्टा टिकला तर ‘चला’ म्हणायचे, नाही टिकला तर उतरून पायी निघायचे. त्या काळी यवतमाळात सीटबेल्ट म्हणजे गाडीबरोबर फुकट आलेली वस्तू. बहुतेक जण तो सीटमागे खोचून मोकळे व्हायचे आणि चाचांना हसायचे. चाचांना त्याचं काही नव्हतं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कुशनचं दुकान होतं. ट्रकच्या, जीपच्या, ट्रॅक्टरच्या सीटा शिवून द्यायचे. गळ्यात शिंप्यासारखी टेप, कानामागे पेन्सिल, आणि सगळी मापं भिंतीवर लिहिलेली. दुकानाला रंग द्या म्हटलं तर म्हणायचे, “रंग देला तं अर्ध्या जिल्ह्याच्या सीटा पुसल्या जातीन.”

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, कारण चाचांशी माझी ओळख भांडणातूनच झाली. कापसाचे वाईट दिवस होते. आमचं जिनिंग बंद पडलं आणि बाबांनी घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. ज्या शेतकऱ्यांचा कापूस वर्षानुवर्षं घेतला, त्यांना ‘यंदा नाही’ म्हणायची वेळ आली होती. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं, हे एकच बाबांच्या डोक्यात. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. पण माणूस धड जेवेना, बोलेना, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. बाबा असेच हातचे जाणार, या भीतीनं माझी झोप उडाली होती.

बरकतीच्या दिवसांत बाबांनी नागपूरहून एक जुनी, दोन सीटची, लाल स्पोर्ट्स कार आणली होती. हिच्यात ना माणसं मावत ना सामान, असं आई कुरकुरायची. पण ती चालवताना बाबा शिट्टी वाजवायचे. आमच्या घरात त्यांची शिट्टी एरवी कुणी ऐकली नाही. गाडी जिनिंगच्या शेडमध्ये पडून होती. मी ठरवलं, ही रस्त्यावर आणायची आणि बाबांना तिच्यात बसवायचं.

इंजिन एका मेकॅनिकनं चालू करून दिलं. पट्टे मात्र उन्हानं विटलेले आणि उंदरांनी कुरतडलेले. ते मी आमच्याकडे बारदाना शिवणाऱ्या मामांकडून शिवून घेतले. जिनिंगवाल्यांना दुसरं काय सुचणार! दुहेरी सुती दोरा, दाभणाचे टाके. भरल्या पोत्याला जे टाके पुरतात ते पट्ट्याला का पुरू नयेत, असा माझा हिशेब. मोठ्या तोऱ्यात मी गाडी चाचांकडे नेली, ती फक्त फाटक्या सीटा शिवायला.

चाचांनी सीटकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टा धरला, हिसका दिला, आणि मामांचे टाके टरटरत गेले.

“कापूस माणसाले झाकते बेटा, थांबवत नाही,” ते म्हणाले. मग कात्री घेतली आणि दोन्ही पट्टे माझ्यासमोर कापून टाकले.

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं संपल्यावर चाचांनी समजावलं की जन्मभर सुईवर पोट भरलं, पण पट्ट्याला कधी सुई लावली नाही. कुरतडलेला पट्टा शिवायचा नसतो, बदलायचा असतो. मग गाडीतला गालिचा उचलून दाखवला. जिथं पट्ट्याचा बोल्ट बसतो तिथला पत्रा इतका गंजला होता की त्यांचं बोट आरपार गेलं. नवा पट्टा लावला असता तरी पहिल्या धक्क्याला बोल्टासकट हातात आला असता. खालून जाड लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या, नागपूरहून नवे पट्टे मागवायचे, एवढं काम निघालं. मी चिडूनच म्हटलं, करा, पण लवकर करा. आणि घाई कशाची, ते सांगताना बाबांचं सगळं बोलून बसले.

चाचांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. मग म्हणाले, “मंग शेठले आनाच लागन. मापाशिवाय पट्टा बसत नाही.”

मला काय कळतंय त्यातलं! घरी येऊन बाबांच्या हातापाया पडले. दोन दिवस विनवल्यावर ते ऑटोत बसले, मान खाली घालून. चाचांनी त्यांना सीटवर बसवलं, खांदा मोजला, कंबर मोजली, भिंतीवर आकडे लिहिले आणि उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शेठ वाकून बसले होते, माप चुकलं. तिसऱ्या दिवशी म्हणे स्वेटर घालून मोजलं, आता बिनस्वेटरचं पाहिजे. आठवडाभर हाच खेळ. आजारी माणसाला कशाला हेलपाटे घालायला लावता, म्हणून मी पुन्हा भांडले. पुन्हा तेच, “उद्या आना.”

एकदा केळापूरकडचा, आमच्याकडे कापूस घालणारा एक शेतकरी ट्रॅक्टरची सीट घेऊन आला. बाबांनी तोंड फिरवलं. तो सरळ येऊन त्यांच्याशेजारी बाकावर टेकला आणि म्हणाला, “शेठ, कुठं होते इतके दिवस? मले वाटलं बिमार पडले.” बाबांनी हातातला चहा त्याच्यापुढे केला. मग दोघं तासभर बोंडअळीवर बोलत बसले. त्या दिवशी बाबांनी घरी येऊन भाकर मागून घेतली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि खरं सांगते, मीही.

पट्टे बसले त्या दिवशी आधी मी बसून पाहिलं. बकल लागलं. उरलेलं टोक सहज ओढलं, तर पट्टा सरकत माझ्या अंगाबरोबर आला. सैल केला, सैल झाला. माझ्या डोक्यात उजेड पडला. खाली उतरले आणि चाचांना विचारलं, हा तर कुणालाही बसतो, मग माप कशाला घेत होता?

चाचांनी दुकानाबाहेर पाहिलं. बाबा ट्रकवाल्यांना काहीतरी ठासून सांगत उभे होते.

“पट्ट्याले नव्हतं लागत,” ते म्हणाले आणि दुसऱ्या सीटचं फोम कापायला बसले.

जिनिंग काही पुन्हा सुरू झालं नाही. पण बाबा गाडी काढत राहिले, आणि काम असो-नसो, चाचांच्या बाकावर जाऊन बसत राहिले. पुढे काही वर्षांनी चाचा गेले. बाबांनी जनाज्याला खांदा दिला, कब्रस्तानापर्यंत पायी गेले आणि पायीच परत आले. मी त्यांना पाणी दिलं. इतकी वर्षं लपवलेलं त्या दिवशी लपवावंसं वाटेना. मी सांगितलं, बाबा, ते माप खोटं होतं.

बाबांनी पेला खाली ठेवला.

“माहीत हाय मले. त्या गाडीचे पट्टे मी किती वर्षं लावले, मले नाही कळन?” ते म्हणाले. “पण एवढ्या शहरात तेवढा एकच माणूस ‘उद्या या’ म्हणून राह्यला होता.”