वर्षश्राद्धाच्या रात्री खेकडे

मी खोटं बोलणारा माणूस नाही, असं मी बरीच वर्षं समजून चाललो होतो. बायकोला विचाराल तर ती हसेल, ते सोडा.

बाबा दुसऱ्या लाटेत पुण्यात गेले. विमानं बंद. रोटरडॅमला लागून असलेल्या कापेलमधल्या आमच्या घरात बसून मी मोबाइलवर त्यांचे अंत्यसंस्कार बघितले. अग्नी चुलतभावाने दिला. तेव्हा आईला म्हटलं होतं, "वर्षश्राद्धाला मी येणार म्हणजे येणार."

वर्ष भरत आलं तोवर विमानं सुरू झाली होती. मला जाता आलं असतं. पण बाबांशिवायच्या त्या घरात पाऊल टाकायची माझी छातीच होईना. दोन वर्षं कोंडलेल्या बायकोला आणि मुलीला कुठेतरी न्यायचंही होतं. आईला सांगितलं, "ऑफिस रजा देत नाही गं." आणि मुलीच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी लागताच आम्ही थायलंडला गेलो. बाबा गेले त्या तारखेला अजून दहा-बारा दिवस होते. तोवर परत येऊ, फोटोला हार घालू, असं मी मनाशी ठरवून टाकलं. श्राद्ध तारखेने नाही, तिथीने करतात, हे माझ्यासारख्या शिकलेल्या गाढवाला सुचलं नाही. आईने तिथी घरच्या ग्रुपवर टाकली होती म्हणे. सुट्टीत कटकट नको म्हणून मी तो ग्रुप म्यूट केला होता.

बँकॉकमध्ये फुटपाथवरच एक साधं खाणावळवजा हॉटेल होतं. पत्र्याची टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, बर्फावर मांडलेले मासे, आणि मास्क लावून कोळशावर कोळंबी भाजणारी मालकीण. आम्ही मूळचे मासेखाऊ, आणि दोन वर्षं सुपरमार्केटातल्या गोठवलेल्या तुकड्यांवर काढलेली. मी अक्षरशः तुटून पडलो होतो. रात्रीचे अकरा वाजलेले, खेकड्याची नांगी दातात, रस कोपरापर्यंत ओघळतोय, आणि आईचा फोन.

"झालं का रे जेवण? तुमच्याकडे सहाच वाजले असतील, पण तिकडे तुम्ही सहालाच जेवता ना?"

"हो, आत्ताच."

"इथे सगळं छान पार पडलं आज. गुरुजी वेळेवर आले. पान ठेवलं आणि लगेच कावळा आला. यांना कधी जेवणासाठी थांबवत नव्हतं ना. तू काय खाल्लंस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडातलं खेकड्याचं मांस कसंबसं गिळून मी म्हटलं, "वरण-भात."

"मला ठाऊकच होतं," आई म्हणाली. "इतक्या लांब असलास तरी तू पाळणार."

फोन ठेवला. आठ वर्षांच्या माझ्या मुलीने इंग्रजीत विचारलं, की तू तर खेकडा खातोयस, मग आजीला असं का सांगितलंस? मी म्हटलं, "आजीला वाईट वाटलं असतं." लाज मला माझी वाटत होती, आणि नाव आजीचं पुढे केलं. बायकोने ताट बाजूला सारलं.

दिवाळीला शेवटी पुण्याला गेलो. मावशी आली होती. जेवायला बसलो असताना आईने तिला सांगायला घेतलं, "परक्या देशात राहतो, पण यांच्या श्राद्धाला ह्याने मासळीला हात लावला नाही हो. वरण-भातावर राहिला." मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. दीड वर्ष एकटी राहिलेल्या आईचा तेवढाच एक आनंद कशाला हिरावून घ्या, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला माझी शाबासकी सोडवत नव्हती.

समोर मुलगी बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण कितीही विनवण्या करा, उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "हो आजी. मी पण वरण-भातच खाल्ला."

आईला कोण आनंद झाला. नात मराठी बोलली म्हणून तिने तिचा मुका घेतला आणि म्हणाली, "परत म्हण बरं, मावशीआजीला नीट ऐकू आलं नाही."

माझ्याकडे न बघता पोरीने तेच वाक्य परत म्हटलं.