परब सिस्टरांचा प्रश्न

परळच्या आमच्या हॉस्पिटलात परब सिस्टरांच्या एका सवयीची सगळ्या सर्जनना धास्ती होती. दुर्बिणीने, पडद्यावर बघत पित्ताशय काढताना नळीला क्लिप लावायची वेळ आली, की डॉक्टर हात पुढे करायचे. सिस्टर मात्र क्लिप स्वतःच्याच हातात धरून शांतपणे विचारायच्या, "कशाला लावताय?" उत्तर मिळाल्याशिवाय क्लिप मिळायची नाही. विभागप्रमुख असोत की माझ्यासारखी शिकाऊ डॉक्टर, सगळ्यांना एकच नियम.

प्रश्न भाबडा वाटेल, पण नव्हता. पित्ताशयातून एक बारीक नळी, सिस्टिक डक्ट, निघते आणि यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनळीला मिळते. बारीक नळी बंद करून कापायची, मुख्य नळीला धक्काही लावायचा नाही, एवढीच ही शस्त्रक्रिया. पण सूज असली, चिकटलेलं असलं, की दोन्ही नळ्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. बारीक नळी नीट सुटी झाली, की तिच्या मागे यकृत दिसतं, तीच तिची खूण. चुकून मुख्य नळी कापली गेली, तर पेशंटची पुढची कित्येक वर्षं हॉस्पिटलच्या वाऱ्या करण्यात जातात.

बाहेरून आलेले एक नावाजलेले सर्जन एकदा वैतागून म्हणाले होते, "सिस्टर, माझी परीक्षा घेताय का?"

"नाही सर, माझी घेतेय. मला नीट दिसलं की नाही ते बघते," सिस्टर म्हणाल्या. क्लिप अजून त्यांच्याच हातात होती. सर्जन हसले आणि त्यांनी पडद्यावर एकेक गोष्ट दाखवून दिली.

सिस्टर लालबागच्या. वडील गिरणीत होते. चाळीतून नर्सिंगला गेलेली ही पहिली मुलगी. उंचीने एवढ्या लहान, की ऑपरेशनच्या टेबलाशी पायाखाली पाट घेऊन उभ्या राहायच्या. आमच्याशी स्वच्छ शुद्ध मराठीत बोलायच्या, पण काही बिनसलं की थेट मालवणीत. थिएटरमधल्या वॉर्डबॉय मामांचं म्हणणं असं, की सिस्टरांच्या तोंडून 'माका' ऐकू आलं की रक्ताची बाटली मागवायला माणूस पाठवावा.

आणखी एक सवय होती. पित्ताशयातून काढलेले खडे त्या स्वतः धुवायच्या, छोट्या बाटलीत घालायच्या आणि बाहेर जाऊन नातेवाइकांच्या हातात द्यायच्या. एका बाईची सासू तिला 'कामचुकारपणा करते' म्हणायची. त्या सासूच्या तळहातावर सिस्टरांनी सतरा खडे ओतले आणि म्हणाल्या, "हे पोटात घेऊन तुमची सून दोन वर्षं धुणी धूत होती." सासू मटकन बाकावर बसली.

मी सर्जरी शिकत तिसऱ्या वर्षाला असताना वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाई भरती झाल्या. पन्नाशीच्या, दादरला मासळी विकणाऱ्या. चार महिने पित्ताशयाचं दुखणं अंगावर काढलेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "डॉक्टरीणबाई, टोपली उचलता येईल ना गो परत? घरात कमावणारी मी एकटीच."

"येईल," मी बिनदिक्कत सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी निम्मं काम झालं असताना मला शिकवणाऱ्या सरांना शेजारच्या थिएटरमधून तातडीचं बोलावणं आलं. "सावकाश पुढे चाल, अडलीस तर हाक मार," असं सांगून ते गेले. आत सगळं चिकटलेलं होतं. मी पित्ताशय वर ओढून धरलं, हळूहळू सोडवत गेले आणि अर्ध्या तासाने एक नळी सुटी झाली. बारीक, गोल, अगदी पुस्तकातल्यासारखी. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी हात पुढे केला, "क्लिप."

"कशाला लावताय?"

"सिस्टिक डक्टला."

सिस्टर पडद्याकडे बघत राहिल्या. "मागे यकृत दिसायला हवं ना, डॉक्टर?"

"सूज आहे, सिस्टर. एवढंच दिसणार. द्या."

त्यांनी क्लिप दिली नाही. भूलतज्ज्ञांनी मान वर केली. मी जरा चढ्या आवाजात पुन्हा मागितली. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "माका मागचा लिव्हर दिसणा नाय. सरांका बोलवा."

मला भयंकर राग आला होता, हे कबूल करते. पण त्या 'माका'ने माझा हात मागे आला. मी सरांना हाक मारली.

सर आले, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ओढणं सोड." मी पकड सैल केली. तशी ती सरळ दिसणारी नळी खाली बसली आणि यकृताच्या दिशेने वर जाताना दिसली. सरांनी नळीला हात न लावता पित्ताशय वरूनच उघडलं, खडे काढले, त्याच्या आतल्या तोंडातून प्लास्टिकची बारीक नळी सरकवली, रंग सोडला आणि एक्स-रे घेतला. चित्र स्पष्ट होतं. हिराबाईंची खरी सिस्टिक डक्ट भाताच्या शिताएवढी आखूड होती. मी सोडवून ठेवली होती ती मुख्य पित्तनळी.

सरांनी पित्ताशयाचा चिकटलेला भाग तसाच ठेवला, उरलेला काढला, आतून टाका घातला आणि पोटात ड्रेनची नळी ठेवली, तिचं दुसरं टोक बाहेर एका पिशवीत. पुढचे काही दिवस त्या पिशवीवर लक्ष ठेवायचं होतं. पिशवीत हिरवट पित्त उतरलं, तर कुठेतरी गळती आहे.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सर्जरी सोडायचा अर्ज लिहून ऍप्रनच्या खिशात ठेवला होता. सकाळी वॉर्डात पोचावं, तर माझ्याआधी सिस्टर हिराबाईंच्या खाटेशी वाकून पिशवी उजेडात धरून बघत असायच्या. त्यांची ड्यूटी थिएटरची, वॉर्डाशी संबंध नाही. रविवारी सुट्टी असूनही त्या लालबागहून चालत आल्या. पहिल्या दिवशी पाणी लालसर होतं, मग पिवळसर. हिरवं काही आलं नाही. पाचव्या दिवशी पिशवी जवळजवळ कोरडी होती आणि हिराबाई कुरकुरत होत्या, की इथल्या आमटीला चव नाही.

सरांनी ड्रेन काढायला सांगितला. मी तो काढला, बाहेर जिन्यात आले आणि पायरीवर बसून रडले. सिस्टर शेजारी येऊन बसल्या.

"तुमच्यामुळे वाचल्या त्या," मी म्हणाले. "मी कापली असती."

"कापली असती, खरंय," त्या म्हणाल्या. मला समजावायला खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही. "पण तुम्ही हाक मारलीत. मी नुसती क्लिप धरून उभी होते. तुम्ही ती माझ्या हातून ओढून घेतली असती, तर मी काय करणार होते?" मग माझ्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "उद्या पहिली केस पित्ताशयाची आहे. तुम्हीच करायची. सरांशी बोललेय मी. सर समोर उभे राहतील."

अर्ज मी फाडला. दुसऱ्या दिवशी केस झाली. वेळ लागला, पण नीट झाली.

पुढे मी तिथेच लेक्चरर झाले आणि दोन वर्षांनी सिस्टर निवृत्त झाल्या. समारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी फाटकापाशी भेटल्या, तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. इतकी वर्षं टोपीखाली झाकलेले केस मी कधी पाहिले नव्हते. पांढरेशुभ्र होते, आणि त्यात अबोलीचा गजरा.

"रिकव्हरी वॉर्डात तीन नंबरच्या बाईला मळमळतंय," त्या म्हणाल्या. "चार वाजता परत बघा."

"बघते."

"मग मी जाते." त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि रस्ता ओलांडला. त्या लालबागच्या बाजूला दिसेनाशा होईपर्यंत मी उभी होते. एवढी काळजी करणारी बाई माझ्यावर पेशंट सोपवून निवांत घरी निघाली होती आणि मला भीती वाटत नव्हती. मी घड्याळ बघितलं आणि रिकव्हरीकडे वळले.