ब्रेकमास्तर आणि चारशे सल्लागार

गाडी चालवायला शिकवणारा माणूस घरी कसा वागतो, हे त्याच्या बायकोला विचारावं. ब्रेकमास्तरांची बायको सांगते, की लग्नानंतर पहिले सहा महिने तिला वाटायचं, नवऱ्याच्या उजव्या पायात काहीतरी खोट आहे. ती गरम पातेलं घेऊन जरा घाईनं वळली, की हे खुर्चीत बसल्या जागी पाय कचकन जमिनीवर दाबायचे. माहेरच्यांनी स्थळ नीट बघितलं नाही, म्हणून तिनं दोनदा रडूनही घेतलं. मग कळलं, की ही खोट नसून नोकरी आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आणि गाडी भिंतीकडे निघाली की आपल्या पायाशी बसवलेला जादाचा ब्रेक दाबायचा. बावीस वर्षं हेच केल्यावर पायाला घर काय आणि गाडी काय, सगळं सारखंच.

पायाचं एक वेळ चालून जाईल, पण जिभेचं काय? गाडीत मास्तरांचा शब्द आधी यायचा आणि विचार मागून. तिथे ते बरोबरच होतं. समोर ट्रक आल्यावर जो मास्तर विचार करत बसतो, त्याच्या फोटोला हार चढतो. पण घरीही तीच तऱ्हा. "बाबा, मला जरा..." एवढं लेक म्हणाली, की हे म्हणणार, "आधी पाठ सरळ कर." पाठ सरळ व्हायची, आणि जरा काय ते राहूनच जायचं.

लेक पंधरा वर्षांची. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून घरात तिचं नाव ठमी पडलं. आता वाळून काठी झाली तरी ठमीच. मास्तरांचा तिच्यावर भारी जीव. ती शाळेच्या पोहण्याच्या संघात होती, आणि गाडीत जो कोणी शिकायला बसेल त्याला क्लच कुठला हे समजायच्या आधी ठमी शंभर मीटर किती सेकंदांत पोहते हे समजायचं.

तर ही ठमी एके दिवशी गप्प झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसती गप्प. शाळा कशी झाली? "हं." जेवतेस ना? "हं." बरं नाही का? "हं." एरवी जिन्यातूनच बडबड सुरू करणारी पोर घरात शिरली की सरळ खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आठ दिवस असे गेले आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"थांबा जरा," बायको म्हणाली. "बोलेल ती आपण होऊन."

"थांबा काय? समोर खड्डा दिसतोय मला!"

"खड्डा दिसला की थांबायचंच असतं ना? तुम्हीच शिकवता लोकांना."

यावर मास्तरांना एकदम गाडी पुसायची आठवण झाली. बायकोचं बरोबर असलं की त्यांना अशी कामं हटकून आठवत.

पण नावात ब्रेक असला म्हणून माणसाला थांबता येतंच असं नाही. मास्तर फोनवर एका गटात होते. भिंतीवरचा तेलाचा डाग कसा काढावा इथपासून सासऱ्यांचं घोरणं कसं थांबवावं इथपर्यंत, ज्याचं घोडं जिथे अडलं असेल त्यानं तिथे विचारावं, आणि ज्याला वेळ असेल त्यानं सांगावं, असा तो सगळ्यांना खुला, हवं तर निनावी विचारायची सोय असलेला गट. मास्तर तिथे 'चौथा गिअर' या नावानं वावरायचे आणि सल्ले वाटायचे. जन्मात मांजर पाळलं नव्हतं, पण मांजराच्या पोटदुखीवर त्यांनी दिलेला उपाय नव्वद जणांना आवडला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि इथे तर जीभही लागत नाही, नुसता अंगठा पुरतो.

आता पहिल्यांदाच त्यांनी सल्ला मागितला. "पंधरा वर्षांची मुलगी बोलेनाशी झाली आहे. बापानं काय करावं?"

चारशे बारा उत्तरं आली. एकानं लिहिलं, "नशीबवान आहात." एकीनं लिहिलं, "मुलीच्या डोळ्यांत रोज आठ सेकंद प्रेमानं बघा, मोजून आठ." कुणी म्हणे ओरडणं बंद करा, कुणी म्हणे तिची गाणी पाठ करा. एका गृहस्थानं पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला काढलं. मधेच दोन बाया मुलांना अंगाई म्हणावी की नाही यावरून एकमेकींवर घसरल्या आणि साठ-सत्तर उत्तरं त्यातच गेली. शहाण्या माणसानं यातून एकच गोष्ट घेतली असती, ती म्हणजे फोन बाजूला ठेवायचा. मास्तरांनी सात घेतल्या.

आणि घेतल्या त्याही आपल्या पद्धतीनं. गाडीच्या क्लासात प्रत्येकाचं एक कार्ड असतं: पहिल्या दिवशी स्टिअरिंग, दुसऱ्या दिवशी क्लच, झालं की पुढे खूण करायची. तसंच एक कार्ड मास्तरांनी ठमीच्या नावानं केलं. सोमवारपासून ओरडणं बंद. मंगळवारी नाश्त्याला त्यांनी घसा साफ करून विचारलं, "बाळा, आज तुझ्या मनाचा रंग कोणता?" ठमीचा घास हातातच राहिला. बुधवारी ते तिच्या डोळ्यांत बघत बसले, आणि आठ सेकंद चुकू नयेत म्हणून टेबलावर बोटं मोजत राहिले. गुरुवारी तिचं आवडतं गाणं म्हटलं, ते त्या गाण्याला फारसं आवडलं नसावं. हे चाललं असताना बायको तोंडावर हात दाबून आत पळायची आणि भांड्यांच्या मांडणीपाशी उभी राहून पोटभर हसायची. मास्तर मात्र कार्डावर खुणा करत होते.

गटावरची उत्तरं अजून येतच होती. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असायचा आणि आलेली उत्तरं वाचून दाखवायचा, त्यामुळे एकदा भर चौकात गाडीतून बाईचा यांत्रिक आवाज आला, "मुलीला मिठी मारा, ती नको म्हणाली तरी." स्टिअरिंगवर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गाडी तिथेच बंद पाडली. लोकांच्या दाढा उपटताना या बाईंचा हात हलत नसे, पण गाडीत बसल्या की घामाघूम. महिना झाला तरी दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची त्यांची तयारी नव्हती. मास्तरांनी त्यांना सगळी हकीकत सांगून टाकली. सांगायला माणूस मिळाला की मास्तर सांगणारच.

पंधरा दिवस झाले. ठमीचं बोलणं तर राहोच, आता ती मास्तरांकडे चोरून बघायची आणि बघता बघता तिचे डोळे भरून यायचे. मास्तरांना वाटलं, गुण येतोय.

शनिवारी सकाळी ते मैदानावर होते. प्लास्टिकचे लाल शंकू मांडून बाईंना गाडी मागे घ्यायला लावली होती, आणि स्वतः बाहेर उभे होते. बाई एकेक शंकू नेमानं आडवा करत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. गटावर कुणी निनावी प्रश्न टाकला होता, आणि त्याची पहिली ओळ दिसत होती: "माझे बाबा अचानक शांत आणि गोड वागायला लागले आहेत. काय झालं असेल?"

पुढचं वाचायला एकदा बोट टेकवावं लागलं असतं. पण मास्तरांना अर्धं वाक्य म्हणजे खूप झालं. त्यांनी तिथल्या तिथे ठोकून दिलं: "बाळा, स्वभाव असा एकाएकी बदलणं हे मोठ्या आजाराचं लक्षण असतं. वेळ घालवू नकोस. आजच्या आज बाबांना मोठ्या डॉक्टरकडे ने."

पाठवलं, आडवा शंकू सरळ केला, आणि मग सवडीनं बोट टेकवून पुढचं वाचलं.

"मी पंधरा वर्षांची आहे. माझे बाबा सारखे ओरडतात, पण पंधरा दिवस झाले, ओरडलेच नाहीत. मला विचारतात, तुझ्या मनाचा रंग कोणता. माझ्याकडे एकटक बघतात आणि बोटांवर काहीतरी मोजतात. किती दिवस राहिलेत ते मोजतात का? आईला विचारलं तर ती तोंडावर हात ठेवून आत पळते. मी मागून बघितलं, तिचे खांदे हलत होते. मला कुणीच काही सांगत नाही."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेले, तर त्यांच्या सल्ल्याखाली उत्तर आलेलं होतं: "थँक्यू काका. मला पण तेच वाटत होतं. मी आत्ताच निघते, बाबा मैदानावर असतील."

मास्तर मटकन शंकूवर बसले. शंकू चेपला. ठमीला फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. गाडीकडे धावले, बाईंना शेजारच्या जागेवर सरकायला सांगणार, तर किल्लीवर हात ठरेना. बावीस वर्षं ते प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी बजावत आले होते, हात थरथरत असतील तर गाडीला शिवायचं नाही. स्वतःचा नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते. ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "बाई, माझ्या घराकडे घ्या. जमेल तेवढी जोरात."

"म्हणजे दुसऱ्यातच ना?"

"दुसऱ्यात तर दुसऱ्यात. चला!"

गाडी निघाली. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. सकाळी फिरायला निघालेले दोन म्हातारे बराच वेळ बरोबरीनं चालत होते. मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर आले होते, आणि पेट्रोल पंपाच्या पुढे ती त्यांना दिसली. पायात घरातल्या चपला, केस न विंचरलेले, काखेत घरातली ती फाईल, जिच्यात सगळ्यांचे जुने रिपोर्ट ठेवलेले असतात. जवळजवळ पळतच येत होती.

गाडी थांबली, ठमी मागे बसली आणि पहिल्यांदा बाईंना म्हणाली, "तुम्ही त्या डॉक्टर ना, बाबा सांगतो त्या? बाबाला काय झालंय?"

"मी दातांची आहे गं," बाई गडबडून म्हणाल्या आणि त्या गडबडीतच गाडी निघाली.

मास्तरांनी आरशातून मागे बघितलं. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलेलं होतं, पण तोंडातून निघालं ते हेच: "पट्टा! मागे बसलं म्हणून काय झालं? किती वेळा सांगायचं पट्टा लाव म्हणून!"

ठमी आ वासून बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती हुंदके देत म्हणाली, "ओरडलास. बाबा, तू ओरडलास."

"मला काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहे मी."

"मग बोटं कसली मोजत होतास?"

"आठ सेकंद बघायचं होतं तुझ्याकडे. लोकांनी सांगितलं होतं."

"कुठल्या लोकांनी?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. चारशे बारा जण, सात सल्ले, कार्ड, खुणा. आणि शेवटी, आवाज होईल तेवढा बारीक करून, "आणि तो चौथा गिअर आहे ना... तो मीच."

यावर मागून जो आवाज आला, तो मागच्या चौकापर्यंत गेला असावा. "तू? तू मला सांगितलंस की तुला मोठा आजार आहे?"

"लक्षण असतं, एवढंच म्हणालो."

"मी रस्ताभर रडत आले! आईला सांगायची हिंमत होत नव्हती माझी! चारशे लोकांना विचारलंस तू! मला विचारलंस का एकदा तरी?"

"विचारलं ना. रंग कोणता म्हणून..."

"रंग नाही, बाबा!"

शिकाऊ माणूस गाडी चालवत असताना मास्तरांनी रस्त्यावरची नजर कधी काढली नव्हती. ती आता काढली, अंगानंही मागे वळून बसले आणि म्हणाले, "काय झालंय?"

ठमी खिडकीबाहेर बघू लागली तेव्हा तीन सूचना त्यांच्या जिभेवर आल्या. त्या त्यांनी गिळल्या.

"मला संघातून काढलं," ती म्हणाली. "महिना होत आला. दुसरी मुलगी माझ्यापेक्षा चांगली पोहते. खरंच चांगली पोहते. आईला मी तेव्हाच सांगितलं, पण तुला सांगू नको म्हटलं."

"का?"

"कारण तू गाडीत बसेल त्याला माझे सेकंद सांगतोस. मग हेही सांगावं लागलं असतं तुला, सगळ्यांना." ती पुढे वाकली. "काकू, तुम्हालाही सांगितलंय ना बाबानं?"

बाईंनी आरशातून मास्तरांकडे बघितलं. "सांगितलंय. पहिल्याच दिवशी. दोनदा."

पोरीचा तोरा आपण गावभर मिरवला, आणि हरून आली तर तिला घरात पाय ठेवायला जागा ठेवली नाही, हे मास्तरांना कळलं आणि स्वतःची लाज वाटली. चारशे बारा जणांतल्या एकालाही हे सांगता आलं नव्हतं, कारण ठाऊक होतं ते तिला आणि तिच्या आईला.

"मग आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही करू नकोस," ठमी म्हणाली. "ऐक फक्त."

मग ती सांगू लागली. निवड कशी झाली, नाव पुकारलं नाही तेव्हा कशी उभी होती, टोपी काढताना तिचे हात कसे चालेनात, पोहायला जाते असं सांगून महिनाभर कुठे जाऊन बसत होती. मास्तर ऐकत होते. घर आलं तेव्हा तिचं निम्मंही झालं नव्हतं. बाईंनी वेग कमी करून मास्तरांकडे बघितलं, तेव्हा त्यांनी तोंडातून शब्द न काढता हातानंच खूण केली, पुढे चला.